पाचारण आणि मनातील भीती: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

प्रश्न : आदरणीय संपादक महाशय, प्रभूमध्ये सलाम. मी जालना जिल्ह्यातील एका खेड्यातला असून वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. वय छत्तीस. घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत, गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी उपासनेत शास्त्रवाचन करतो व रविवारी मुलांचा वर्ग घेतो. दोन वर्षांपासून आमचे पाळकसाहेब आणि कमिटीचे वडीलधारे सभासद मला सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याचे शिक्षण घ्यायला, जाण्याचा आग्रह करीत आहेत. मलाही प्रार्थनेत अनेकदा तीच ओढ जाणवते. परंतु लहानपणापासून मी बोलताना अडखळतो, पगार सोडण्याची भीती वाटते, आणि पत्नीचा या गोष्टीला स्पष्ट विरोध आहे. त्यामुळे मी टाळत आलो. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीला डेंग्यू झाला, तेव्हा मंडळीतील एक वयस्कर बंधू म्हणाले की, योनासारखा पळशील तर वादळ येणारच. मुलगी बरी झाली, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मला इतकी भीती वाटते याचा अर्थ पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचे बोलावणे, खरे नाही, असा घ्यावा काय? की मी देवाची आज्ञा मोडतो आहे? (एक वाचक, जिल्हा जालना)

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. आपण विचारलेल्या प्रश्नांच्या आधी मी आपल्या मुलीच्या आजारपणाविषयी लिहितो, कारण तो काटा निघाल्याशिवाय पुढचे काहीही आपल्याला शांतपणे वाचता येणार नाही. मराठवाड्यातील पुष्कळ वस्त्यांत नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाक्या, ड्रम आणि रांजण भरून ठेवावे लागतात, आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्या लेकीला ताप आला तो त्या डासामुळे. बापाने सेमिनरीचा अर्ज भरला नाही म्हणून देव लेकराच्या अंगात ताप धाडतो, असे मानणे हे देवाच्या स्वभावाविषयीचे घोर अज्ञान आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी जेव्हा विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा प्रभूने दोन्ही शक्यता नाकारल्या, हे योहानाच्या नवव्या अध्यायात आपण स्वतःच कितीतरी वेळा वाचले असेल. त्या वयस्कर बंधूंविषयी मनात राग धरू नका; पण त्यांचे ते वाक्य देवाचे वाक्य म्हणून मनात बाळगूही नका.

शिवाय ज्या योनाचे नाव त्यांनी घेतले, त्याची गोष्ट भीतीची नाहीच. देवाने संदेश घेऊन निनवे या शत्रूच्या शहरी जायला सांगितले असता तो तिकडे न जाता याफोच्या बंदरातून तार्शीशच्या जहाजात का बसला, याचे कारण त्याने चौथ्या अध्यायात स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे: देव दयाळू आहे, तो निनवेकरांना क्षमा करील, हे त्याला माहीत होते आणि तीच क्षमा त्याला नको होती. शत्रूवर दया होऊ नये म्हणून पळालेला संदेष्टा आणि जीभ अडखळते म्हणून मागे सरणारा घरसंसारी माणूस यांना एकाच मापाने मोजणे हा शास्त्रावरही अन्याय आहे आणि माणसावरही. त्या वादळात कोणा निरपराध लेकराचा बळी गेला नाही, हेही ध्यानात असावे. जहाजावरील परके खलाशी सुखरूप वाचले आणि त्यांनी परमेश्वराचे भय धरले.

आपल्याला ज्याची गोष्ट पुन्हा वाचायला हवी तो मोशे आहे, ज्याला देवाने इस्राएल लोकांना मिसरातून सोडवायला पाठवले. निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाचावा, आणि प्रवचनातून ऐकलेले सारे काही क्षण बाजूला ठेवावे. मोशे एकदा नव्हे तर पाच वेळा मागे सरतो. मी कोण, तुझे नाव मी काय सांगू, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही तर काय, मी तर जड जिभेचा आहे, आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. त्याची भीती काल्पनिकही नव्हती. त्याच्या हातून एका मिसऱ्याचा खून झाला होता, त्याला शोधणारे लोक तिकडे होते, आणि ते आता मेले आहेत हे देवाला त्याला मुद्दाम सांगावे लागले. पहिल्या चार आक्षेपांना देवाने रागावल्याशिवाय, एकेक करून उत्तर दिले. कोप आला तो पाचव्यावर; कारण पहिल्या चारांमध्ये अडचण मांडलेली होती, पाचव्यात मात्र विचारणे संपून दार लावले गेले होते. या दोहोंमधला भेद मला फार मोलाचा वाटतो. आपण देवाला विचारीत आहात तोवर, प्रश्न कितीही भित्रा असो, संभाषण चालू आहे.

आणि त्या कोपातून निघाले काय? शिक्षा नव्हे, तर मोशेचा भाऊ अहरोन. तोही नव्याने शोधावा लागला नाही. तो तुला भेटायला निघालेलाच आहे, असे देव म्हणतो. म्हणजे मोशे नाही म्हणत असतानाच त्याचा मदतनीस वाटेला लागलेला होता. आपल्यासाठी मला आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मोशेची जीभ त्या दिवशी मोकळी झाली, असे त्या प्रसंगात कोठेही लिहिलेले नाही. देवाने त्याला तोंड देणारा तोच आहे हे सांगितले, सोबत राहण्याचे वचन दिले, जोडीला भाऊ दिला. पण भीती आणि उणीव आधी काढून टाकून मग पाठवले, असे झाले नाही. त्यामुळे माझ्या मते आपण ज्या दिवसाची वाट पाहत आहात, म्हणजे ज्या दिवशी मनात तिळमात्र भीती उरणार नाही आणि मग पाऊल टाकू, तो दिवस येईलच असे वचन शास्त्रात कोणाला दिलेले आढळत नाही. पौलासारखा माणूस करिंथकरांना लिहितो की तो त्यांच्याकडे आला तेव्हा अशक्त, भयभीत आणि थरथरणारा होता. गिदोनाने देवाच्या सांगण्यावरून बआल या मूर्तीची वेदी मोडली ती रात्रीच्या अंधारात, कारण दिवसा मोडायला तो बापाच्या घराण्याला आणि गावकऱ्यांना भीत होता. रात्री केले म्हणून देवाने ते काम कमी प्रतीचे मानले नाही. सकाळी गाव चालून आला, तेव्हा ज्या बापाची त्याला धास्ती होती तोच योवाश त्याच्या बाजूने उभा राहिला.

तेव्हा आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे की, भीती हा पाचारणाविरुद्धचा पुरावा नाही. मात्र ती पाचारणाच्या बाजूचाही पुरावा नाही. हा दुसरा भाग आपल्या मंडळ्यांमध्ये सहसा सांगितला जात नाही. एखाद्याला भीती वाटते म्हणजे नक्कीच देव बोलावतो आहे आणि सैतान अडवतो आहे, असे समजून पुष्कळ सरळ माणसे अशा कामात लोटली गेली आहेत की जे त्यांचे नव्हतेच. भीती आपल्या घरची परिस्थिती सांगते, आपली जीभ सांगते, आपली कर्तव्ये सांगते. ती नीट ऐकावी. निर्णय मात्र तिच्या हाती देऊ नये.

मग निर्णय कशाच्या आधारे करावा? अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेसाठी वेगळे केले, ते उपास आणि प्रार्थना करीत असताना, सर्वांच्या समक्ष. पाचारण एकट्याच्या खोलीत ऐकू येऊ शकते, पण त्याची पारख मंडळीत होते. आपल्या बाबतीत ओढ आतूनही आहे आणि मंडळीनेही ती ओळखली आहे, ही लहान गोष्ट नाही. तरीही मंडळीने केवळ आग्रह करून थांबू नये. ज्यांनी आपल्याला जा म्हटले, त्यांनी आपल्याबरोबर बसून हिशेबही करावा: शिक्षणाच्या काळात कुटुंबाला काय मिळणार, आईच्या औषधांचे काय, मुलांच्या फीचे काय, दीक्षा झाल्यावर नेमणूक आणि मानधन कसे असेल. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करण्यास प्रभूनेच सांगितले आहे, म्हणून असे विचारणे हा अविश्वास मानू नये, आणि जी कमिटी या प्रश्नांनी दुखावते तिने दुसऱ्याला पाठवण्याआधी स्वतःच्या जबाबदारीचा विचार करावा. शक्य असेल तर ही उत्तरे धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावीत.

नोकरीबाबत घाई करू नये. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करीत होता आणि शब्बाथवारी सभास्थानात वाद घालीत होता. सेरामपूर विद्यापीठाचे घरी राहून परीक्षा देता येणारे ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांपैकी एखादा सुरू करून पाहावा. पाळकसाहेबांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीला, अंत्यविधीला, दूरच्या वस्तीवरील प्रार्थनेला नियमाने जावे. पाळकाचे काम म्हणजे व्यासपीठावरून बोलणे, हा समज आपल्या भीतीच्या मुळाशी आहे, असे पत्रावरून वाटते. प्रत्यक्षात त्या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा आहे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावे लागते, नवरा गेलेल्या बाईच्या घरी जावे लागते, दवाखान्याच्या बाकावर रात्र काढावी लागते, आणि तेथे अस्खलित वक्त्यापेक्षा शब्द जपून वापरणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जरूर जावे. त्यात कमीपणा नाही.

पत्नीच्या विरोधाविषयी मला जरा कठोर लिहावे लागत आहे. आपल्याकडे नारायण वामन टिळकांचे उदाहरण अनेकदा दिले जाते. त्यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला आधी न कळवता. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर कित्येक वर्षे जे सोसले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला हेही ठाऊक आहे. टिळकांच्या भक्तीविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्या ताटातुटीला कोणी आदर्श म्हणून पुढे ठेवू नये. आपल्या पत्नीही त्याच मंडळीच्या सभासद आहेत आणि पवित्र आत्मा त्यांच्याशीही बोलतो. त्या नाही म्हणतात तेव्हा नेमके कशाला नाही म्हणतात, हे आपण कधी पुरते ऐकले आहे काय? पगाराला, बदल्यांना, मुलांच्या शाळेला, की पाळकाच्या बायकोकडून मंडळी जी बिनपगारी कामे गृहीत धरते त्यांना? शेवटची भीती मी अनेक बहिणींकडून ऐकली आहे आणि ती रास्त आहे. धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांशी बोलणी होतील तेव्हा पत्नीला आपल्या शेजारी बसवा, मागच्या खोलीत नव्हे.

दोन वर्षे लांबणीवर टाकले म्हणून संधी गेली, असेही समजू नका. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घराण्यातील या तरुणावर तेव्हा केवढे वादळ उठले होते. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन म्हणून न्यायालयाच्या हुकमाने वडिलांच्या ताब्यात दिला गेला आणि त्याच्या शुद्धीवरून, म्हणजे त्याला पुन्हा जातीत घेण्यावरून, साऱ्या मुंबई इलाख्यात वाद पेटला. रेव्हरंड शेषाद्री जालन्यास स्थायिक होऊन कामाला लागले, ते बाप्तिस्म्याच्या सुमारे वीस वर्षांनंतर. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. आपल्या भागातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास त्या कामापर्यंत मागे जातो. मधली वीस वर्षे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. अध्यापनात, दीक्षेत, लहानमोठ्या सेवेत ती गेली, आणि जालन्यास जो माणूस आला तो त्या वर्षांनी घडवलेला होता. आपणही येत्या वर्षभरात वर सांगितलेली तयारी करावी, आणि वर्षाअखेरीस पत्नीसह पाळकसाहेबांपुढे बसून होय किंवा नाही, जे काही असेल ते स्पष्ट सांगावे. विचारपूर्वक दिलेला नकारही प्रामाणिक असतो. आणखी पाच वर्षे टांगून ठेवलेला होकार मात्र आपल्यालाही पोखरील आणि मंडळीलाही.

प्रश्न : आमची मंडळी बीड जिल्ह्यातील एका वस्तीवर आहे. दिवाळीच्या सुमारास निम्म्याहून अधिक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. मागे म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरतात. पाळक महिन्यातून एकदाच येऊ शकतात. त्यांनी मला सांगितले की उरलेल्या रविवारी उपासना तू चालव. मी बारावी झालेली, अविवाहित मुलगी आहे. लोक काय म्हणतील याची भीती वाटते. याला पाचारण म्हणावे का? मला तर कसला आवाज ऐकू आलेला नाही. (एक वाचक, जिल्हा बीड)

उत्तर : प्रिय बहिणी, ज्यातून देव बोलला ते जळते झुडूप एकट्या मोशेलाच दिसले. हनन्या नावाच्या शिष्याला दर्शनात एक गल्ली आणि एका माणसाचे नाव सांगण्यात आले, आणि तोही आधी कुरकुरलाच, कारण ते नाव मंडळीचा छळ करणाऱ्या शौलाचे होते. एस्तेरला तर आवाजही आला नाही. तिचा नातलग मर्दखय याने निरोप पाठवला की कदाचित अशाच प्रसंगासाठी तू राणी झाली असशील, आणि त्या कदाचित या शब्दावर ती उठली. तिने सगळ्यांना तीन दिवस उपास करण्यास सांगितले आणि मग आपल्या लोकांसाठी राजापुढे गेली. मुकादमाची उचल घेऊन आईबाप कोयता घेऊन निघून गेले आहेत, मागे राहिलेल्या लेकरांना रविवारी कोणी स्तोत्र शिकवणारे नाही, आणि ज्यांच्याकडे मंडळीची जबाबदारी आहे त्यांनी आपल्याला विचारले आहे. याहून अधिक स्पष्ट बोलावणे कोणते हवे, हे मला सुचत नाही.

लोकांच्या बोलण्याची भीती खोटी नाही आणि ती आपण एकटीने सोसू नये. पाळकांना सांगा की त्यांनी पुढच्या भेटीत प्रभुभोजनाच्या उपासनेत सर्वांसमोर आपल्या नावाची घोषणा करावी व आपल्यासाठी प्रार्थना करावी, म्हणजे हे काम आपण स्वतः होऊन घेतलेले नाही हे सर्वांना कळेल. महिला संघातील एखाद्या आजीबाईंना सोबत घ्या. प्रवचन करण्याचा भार पहिल्याच दिवशी उचलू नका; एक स्तोत्र, शुभवर्तमानातील एक उतारा, प्रभूची प्रार्थना आणि दूर गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचे नाव घेऊन केलेली मध्यस्थी, एवढी उपासना पुरेशी आहे. त्या नावांची यादी करून ठेवा आणि शक्य झाल्यास फोन करून त्या कुटुंबांना कळवा की आज तुमच्यासाठी प्रार्थना झाली. उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बाईला तो फोन काय देऊन जाईल, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक समजते.

प्रश्न : आमचा एकुलता एक मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण सोडून देवाच्या सेवेत जायचे म्हणतो. आम्ही अडवतो आहोत. आम्ही देवाच्या विरोधात उभे आहोत काय? (एक आई, जिल्हा धाराशिव)

उत्तर : नाही, ताई. पदवी पूर्ण कर, मग जा, असे सांगणारी आई देवाच्या आड येत नाही. जे पाचारण खरे आहे ते एका वर्षाने विझत नाही. मात्र पदवीनंतर नवी अट घालू नका, कारण मग ते अडवणेच ठरेल, आणि मुलाला ते लगेच कळेल. हन्नेने आपला मुलगा शमुवेल याला देवाच्या सेवेसाठी शिलोच्या मंदिरात ठेवले, पण ती दरवर्षी त्याच्यासाठी लहान झगा शिवून घेऊन जात होती. आपणही मुलाबरोबर जाऊन एखादी सेमिनरी पाहून या, तेथील प्राचार्यांना भेटा, विद्यार्थी कोठे राहतात आणि काय खातात ते विचारा. आपल्या मनातली एकटेपणाची भीती मुलाला मोकळेपणाने सांगा. एकुलत्या मुलाच्या आईला ती वाटणारच, आणि ती लपवून ठेवली की तिला शिक्षणाचे, पगाराचे, लग्नाचे निमित्त सापडते.